डॉक्टर हूचे स्पिन-ऑफ: गणपती ते होळी, रोजच्या लोकलमधला अनुभव

आधीच सांगून ठेवते, हे लांबणार आहे आणि मधेमधे स्पॉयलर आहेत. गेल्या गणपतीत सुरू केलं, परवा होळी झाली. एवढे दिवस डोंबिवली ते सीएसएमटी आणि परत, रोजचे अडीच-पावणेतीन तास, मी डॉक्टर हूच्या मुख्य मालिकेला हातसुद्धा लावला नाही, फक्त तिच्या आजूबाजूला जे काय उगवलंय तेच ऐकलं. आणि रविवारी घरी भाची आली की जे बघण्यासारखं आहे ते बघितलं. कारण साधं होतं, २००५ नंतरची मालिका माझी दोनदा बघून झालीय आणि तिसऱ्यांदा बघायला लागले तर घरचे मला डॉक्टरकडे नेतील, दुसऱ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: डॉक्टर म्हणजे काळात फिरणारा परग्रहवासी, मरायला टेकला की नवं रूप घेतो, म्हणून नट बदलतात आणि पहिला, दुसरा असे डॉक्टर मोजतात. मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९८९ ला थांबली, १९९६ ला मधेच एक टीव्ही फिल्म आली आणि मग २००५ पासून परत. मधल्या त्या दुष्काळात चाहत्यांनीच मोठं होऊन कंपनी काढली, बिग फिनिश, आणि जुलै १९९९ पासून जुन्या डॉक्टरांना, म्हणजे खऱ्याखुऱ्या त्याच नटांना बोलावून ऑडिओ गोष्टी काढायला लागले. मी हे बाबांना उत्साहात समजावत होते, फुल कास्ट असते, साउंड इफेक्ट असतात, पार्श्वसंगीत असतं वगैरे, तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे नभोनाट्य की." बरोबर आहे त्यांचं. नभोनाट्यच. फक्त आकाशवाणीऐवजी कानात.

पहिले दोन आठवडे जमलं नाही हे कबूल करते. गर्दीत धक्के खात इंग्लंडातले पाच वेगवेगळे आवाज ओळखायचे, त्यात एक रोबोट, त्यात कुर्ल्याला चढणाऱ्या बायकांची भांडणं, कोण कोणाला मारतंय ते कळायचंच नाही. मग सवय झाली. आता तर डोळे मिटले की बरं वाटतं, चौथी सीट मिळाली तरी.

सगळ्यात आधी कॉलिन बेकर. टीव्हीवरचा सहावा डॉक्टर, ज्याला १९८६ ला अक्षरशः काढून टाकलं. मी त्याचे टीव्हीवरचे भाग बघितलेत आणि मला तो अजिबात सहन व्हायचा नाही, उर्मट, सतत ओरडणारा, आणि अंगात तो कोट, जणू चार गोधड्या फाडून एक शिवलाय. ऑडिओत कोट दिसत नाही हा फायदा आहेच, पण खरी गंमत एव्हलिन स्माइथमुळे झाली. ही इतिहासाची लेक्चरर, वय पंचावन्न, हृदय कमकुवत, चॉकलेट केक आणि कोको यावर जीव. टीव्हीने कधी अशी सोबतीण दिलीच नसती हो, तिथे बहुतेक विशी-पंचविशीच्या. ही बाई २००० सालच्या पहिल्या गोष्टीत थेट मेरी ट्यूडरच्या दरबारात जाऊन पोचते आणि डॉक्टर जास्तच फुशारक्या मारायला लागला की त्याला असं गप्प करते की आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई आठवल्या. आणि तो खरंच गप्प होतो. आवाज तोच, माणूस तोच, फक्त समोर कोणीतरी त्याला सुनावणारं आलं आणि वेळ मिळाला. दहा-बारा गोष्टींनंतर तो माझा आवडता डॉक्टर झाला, हे मला एक वर्षापूर्वी कोणी सांगितलं असतं तर हसले असते.

मग पॉल मॅकगन, आठवा डॉक्टर. त्या बिचाऱ्याला टीव्हीवर एकच फिल्म मिळाली, १९९६ ची, आणि खेळ खल्लास. जानेवारी २००१ पासून त्याचे ऑडिओ सुरू झाले. पहिल्याच गोष्टीत आर-१०१ नावाचं ब्रिटिश हवाई जहाज आहे, हे खरं होतं बरं का, ५ ऑक्टोबर १९३० ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं, ५४ पैकी ४८ माणसं गेली. निघालं होतं कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे म्हटलं तर आपल्याकडेच यायला निघालं होतं ते जहाज, तिथे त्याच्यासाठी भलीमोठी शेडसुद्धा बांधून ठेवलेली. तर त्या जहाजात मुलाचे कपडे घालून लपलेली चार्ली पोलार्ड, डॉक्टर तिला वाचवतो, आणि इतिहासाप्रमाणे तर ती मरायला हवी होती. टीव्हीवर हे एका भागात मिटवून टाकलं असतं. इथे त्या एका वाचवण्याचा हिशेब पुढे दोन-तीन वर्षं चालतो, काळ हळूहळू उसवत जातो आणि तिला स्वतःला कळायला लागतं की आपण असायलाच नको होतो.

या चार्लीच्या गोष्टींतली 'द चाइम्स ऑफ मिडनाइट' (२००२, लेखक रॉबर्ट शेअरमन) मी नोव्हेंबरात रात्रीच्या स्लो लोकलमध्ये ऐकली. एक जुनं मोठं घर, नाताळची आदली रात्र, स्वयंपाकघरात नोकरमाणसं, आणि दर तासाला घड्याळाचे टोले पडले की एकजण मरतो, आणि मग परत सगळं पहिल्यासारखं. स्वयंपाकीणबाई पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणते की माझ्या प्लम पुडिंगशिवाय नाताळ कसला नाताळ. पहिल्यांदा हसू येतं. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा गाडी कळवा-मुंब्र्याच्या मधे उभी होती, डब्यात आम्ही चौघी, एक पंखा खडखडत होता, आणि कानात घड्याळ टिक टिक, मी हेडफोन काढून टाकला हो सरळ. शेजारची बाई म्हणाली काय झालं, काय सांगणार, पुडिंगची भीती वाटली? दुसऱ्या दिवशी उजेडात पूर्ण केली. शेवट सांगणार नाही, त्या घरातल्या भांडी घासणाऱ्या एडिथकडे नीट लक्ष द्या एवढंच.

याच शेअरमनच्या 'जुबिली' या ऑडिओवरून पुढे २००५ चा टीव्हीवरचा 'डालेक' भाग बेतला, साखळदंडातला एकटा डालेक (डॉक्टरचा जुना शत्रू, धातूच्या कवचातला परग्रहवाला), तो. म्हणजे स्पिन-ऑफ हे उरल्यासुरल्याचं दुकान आहे असं जे म्हणतात त्यांनी हे दोन्ही एकापाठोपाठ ऐकावं-बघावं. तसंच मार्क प्लॅटची 'स्पेअर पार्ट्स', सायबरमन, म्हणजे यंत्रात बदललेली माणसं, मुळात कशी झाली त्याची. ती मी एकदाच ऐकली आणि परत ऐकणार नाही. अर्धवट बदललेली मुलगी स्वतःच्या घरी परत येते, बापासमोर. बस.

आता टॉर्चवुड, परग्रहवाल्यांचा बंदोबस्त करणाऱ्या कार्डिफमधल्या टीमची टीव्ही मालिका. पहिले दोन सीझन (२००६ पासून) माझ्या मते ठीकठाक, मोठ्यांची मालिका आहे हे दाखवायला उगाच जास्त शिव्या आणि जास्त चुंबनं, कॉलेजात पहिल्यांदा गेलेल्या पोरासारखं. पण २००९ चं 'चिल्ड्रन ऑफ अर्थ', सोमवार ते शुक्रवार रोज एक असे पाच भाग, हे डॉक्टर हूच्या जगातलं सगळ्यात भारी काम आहे आणि यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. परग्रहवाले येतात आणि जगातली दहा टक्के मुलं मागतात. त्यात भीती वाटते ती राक्षसाची नाही. मंत्र्यांची बैठक असते, टेबलाभोवती चांगल्या कपड्यातली माणसं, आणि शांतपणे चर्चा चाललेली की कुठली मुलं द्यायची, आणि कोणीतरी शाळांच्या निकालांच्या याद्यांचा विषय काढतं. जी मुलं पुढे काही होणार नाहीत ती. मी तो प्रसंग बघताना शिक्षिका असलेल्या ताईला फोन केला, ती म्हणाली बंद कर ते. त्यातला सरकारी अधिकारी फ्रॉबिशर म्हणजे पीटर कपाल्डी, जो पुढे स्वतः बारावा डॉक्टर झाला! त्याच्या वाट्याला जे येतं ते बघितल्यावर नंतर त्याला डॉक्टर म्हणून बघताना अंगावर काटा येतो. आणि पाचही भागांत आपण वाट बघतो की आता निळी पेटी, म्हणजे डॉक्टरचं यान, येईल, आता येईल. नाही येत. टीमचा प्रमुख जॅक याला स्वतःच्या नातवाचा बळी द्यावा लागतो तेव्हाही नाही. डॉक्टर नसला तर माणसं काय करतात, हा प्रश्न मुख्य मालिकेला विचारताच येत नाही कारण तिथे तो असतोच.

(टीममधला इयान्टो जोन्स त्यात मरतो तर लोकांनी कार्डिफ बेला, मरमेड कीवर त्याच्या नावाने चिठ्ठ्या-फुलं लावून स्मारकच करून टाकलं. आधी मला हे वेडेपणाचं वाटायचं. आता नाही वाटत.)

टॉर्चवुडचंच २०११ चं 'मिरॅकल डे' मात्र पाण्यात. कल्पना एक नंबर, अचानक जगात कोणीच मरत नाही, पण दहा भाग ताणलंय, पाचात आटपलं असतं. 'क्लास' (२०१६, आठ भाग, शाळेतल्या मुलांची मालिका) भाचीला आवडलं, रामचा पाय जातो आणि परग्रहावरचा नवा मिळतो, त्यानंतर तो फुटबॉल खेळायला धडपडतो तेवढं मलाही भिडलं, बाकी शेवट अधांतरी ठेवून बंद केली. असो.

भाचीची खरी आवडती 'सारा जेन ॲडव्हेंचर्स'. ही सारा जेन म्हणजे डॉक्टरची जुनी सोबतीण, १९७३ ला आलेली आणि १९७६ ला डॉक्टरने तिला घरी सोडतो म्हणून भलत्याच गावी उतरवलेलं, साउथ क्रॉयडन सांगून ॲबरडीन! तिला तीस वर्षांनी स्वतःचं घर, पोटमाळा, शेजारची मुलं, सगळं मिळालं. त्यातल्या रानी चंद्राची आई गीता तिला कायम नुसतं "सारा" म्हणते आणि ही दर वेळी "सारा जेन" अशी दुरुस्ती करते, भाची त्यावर लोळून हसते कारण आमच्या सोसायटीत पण एक काकू तिला सहा वर्षांपासून चुकीच्या नावाने हाक मारतात. एलिझाबेथ स्लेडन एप्रिल २०११ मध्ये गेल्या, पाचवा सीझन अर्धाच शूट झालेला. भाचीला ते सांगितलं नव्हतं, तिने शेवटच्या भागानंतर विचारलं पुढचा सीझन कुठे आहे. मी म्हटलं संपली. तशी ती म्हणाली, अशी कशी संपली, अजून किती मुलं राहिलीत.

तक्रारी पण आहेत. रिव्हर साँगचे (डॉक्टरची बायको, त्याला उलटसुलट काळात भेटणारी) ऑडिओ बॉक्स सेट मी तीन घेतले आणि पस्तावले. ॲलेक्स किंगस्टन झकास बोलते, पण टीव्हीवरच्या २००८ च्या भागात दहावा डॉक्टर तिला ओळखत नाही हे ठरलेलं असल्यामुळे ती मागच्या कुठल्याही डॉक्टरला भेटली की शेवटी त्याची आठवण पुसायची. एकदा ठीक, दुसऱ्यांदा बरं, तिसऱ्यांदा आपणच म्हणतो मग भेटवलंच कशाला? युनिटचे (परग्रहवाल्यांशी लढणारी लष्करी संस्था) सेट कंटाळवाणे. जॉन हर्टचे वॉर डॉक्टर (डालेकांविरुद्धच्या कालयुद्धात लढलेला डॉक्टर) आवाजासाठी ऐका, पण ते कालयुद्ध न सांगितलेलंच बरं होतं, मनात होतं तेव्हा मोठं होतं, ऐकल्यावर नुसते स्फोट. आणि पैसे. पौंडात किंमत, रुपयात आवंढा. जुन्या मासिक गोष्टी (मार्च २०२१ ला २७५ वर थांबल्या) त्यामानाने परवडतात, सुरुवात तिथूनच करा.

"पण हे खरं धरायचं का, अधिकृत आहे का" हा वाद मला आता नको वाटतो. २०१३ ला पॉल मॅकगन सात मिनिटांच्या छोट्या भागात टीव्हीवर परत आला आणि मरायच्या आधी त्याने नावं घेतली, चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली. सगळी ऑडिओतली माणसं. मी तेव्हा हे बघितलं होतं आणि नावं कोणाची ते कळलंच नव्हतं. आता जानेवारीत परत लावलं आणि लूसी म्हणाला तिथे थांबवावं लागलं, कारण लूसी मिलरचं काय होतं ते मी त्याच आठवड्यात ठाण्याच्या फलाटावर उभी राहून ऐकलं होतं.

सध्या 'जेगो अँड लाइटफूट' चालू आहे. १९७७ च्या एका कथेतले दोन दुय्यम माणसं, एक व्हिक्टोरियन लंडनमधला थिएटरवाला, जो सगळं अनुप्रासात बोलतो, आणि एक पोलिसांचा शवविच्छेदन करणारा प्रोफेसर. त्या मूळ कथेत गोऱ्या नटाला चिनी माणूस बनवून उभा केलाय, आज ते बघवत नाही, पण या दोघांना तिथून सोडवून तेरा सीरिज दिल्या हे फार चांगलं केलं. दोघं पबमध्ये बसून बियर पितात आणि भुतं पकडतात, एवढंच आहे, आणि मला रोज संध्याकाळी तेवढंच हवं असतं. ट्रेव्हर बॅक्स्टर, म्हणजे लाइटफूट, २०१७ ला गेले. मी बाराव्या सीरिजवर आहे. तेरावी डाउनलोड करून ठेवलीय, मैत्रीण म्हणते ऐकून टाक एकदाची. बघू, मे महिन्यात कोकणात जाताना, एसटीत.