मॅकबेथ की फॉस्टस: आधी कोणतं हातात घ्यावं?

मोठ्या योग्यतेचा माणूस आपल्या डोळ्यांदेखत नासत जातो, हे ज्याला नाटकात बघायचंय त्याच्यापुढे दोन नावं हमखास येतात: शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' आणि ख्रिस्तोफर मार्लोचं 'डॉक्टर फॉस्टस'. वाचनगटाला एका महिन्यात दोन्ही झेपत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो: 'मॅकबेथ' घ्या. पण सगळ्यांनीच नको.

फॉस्टसला कुणी फशी पाडत नाही. विटेनबर्गचा हा पंडित तर्कशास्त्र, वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र अशी एकेक पोथी बाजूला सारतो आणि मंत्र म्हणून सैतानाचा दूत स्वतःच बोलावतो. मेफिस्टोफिलिस उलट त्याला म्हणतो, असले प्रश्न विचारू नकोस, मी उभा आहे तिथेच नरक आहे. तरी सौदा ठरतो. 24 वर्षं मागेल ते मिळणार, बदल्यात आत्मा. करार रक्ताने लिहायचा, तर मध्येच रक्त गोठतं. आपलं रक्तच नको म्हणतंय की काय, अशी शंका फॉस्टसला येतेसुद्धा. मग मेफिस्टोफिलिस निखारे आणतो, रक्त पातळ होतं, लिखाण पुरं. हातावर लॅटिन अक्षरं उमटतात: 'पळ, माणसा'. तो पळत नाही.

मॅकबेथची गोष्ट जास्त अवघड, आणि म्हणून जास्त जवळची. चेटकिणी त्याला फक्त 'तू राजा होशील' एवढंच सांगतात. खुनाचा शब्दही काढत नाहीत. तो विचार त्याच्या डोक्यातला. पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश बघा. आत डंकन जेवतोय, हा पंगतीतून उठून बाहेर आलाय आणि मनाशी हिशेब मांडतोय: हा माझा नातेवाईक, माझा राजा, शिवाय माझ्या घरचा पाहुणा. मारेकऱ्याला दार बंद करायचं काम माझं, आणि सुरा मीच धरायचा? बायकोला तो सरळ सांगतो, हे इथेच थांबवू. ती त्याच्या मर्दपणावर घाव घालते आणि प्रवेश संपायच्या आत गडी तयार. चूक कुठली, हे त्याला आपल्याहून चांगलं कळलेलं असतं.

खून झाल्यावर तो बायकोला सांगतो, की झोपेतून जागे झालेले दोघं 'देव भलं करो' म्हणाले आणि मला 'आमेन' म्हणता येईना, शब्द घशात अडकला. का अडकला, हेच तो विचारत राहतो. ती म्हणते, इतका खोल विचार नको. पुढे आपल्या सोबती सरदाराच्या, बँकोच्या खुनाचा बेत तो तिलाही सांगत नाही. विरोधात गेलेल्या मॅकडफ या सरदाराच्या बायकापोरांना मारताना तर महत्त्वाकांक्षेचंही कारण उरलेलं नसतं. त्यातून मिळायचं काहीच नाही. शेवटी बायको गेल्याची बातमी येते, तेव्हा धड रडायलाही त्याच्याकडे काही शिल्लक नाही.

फॉस्टसच्या मधल्या भागात मात्र मला कंटाळा आला. अदृश्य होऊन पोपच्या ताटातले पदार्थ पळवायचे, घोड्याच्या दलालाला असा घोडा विकायचा की पाण्यात शिरताच त्याची गवताची पेंढी व्हावी, जानेवारीत डचेसला द्राक्षं आणून द्यायची. जगाचा धनी व्हायला निघालेला माणूस जत्रेतला जादूगार झाला, हाच त्यातला मुद्दा आहे असं जाणकार म्हणतात. मला ते निम्मंच पटतं. पण शेवटचा तास! अकराचे ठोके पडतात आणि तो रात्रीच्या घोड्यांना हळू धावा म्हणून विनवतो. त्या तोडीचं स्वगत 'मॅकबेथ'मध्येही नाही, असं म्हणायचं धाडस मी करतो.

तेव्हा गट असेल, पात्रं वाटून मोठ्याने वाचायचं असेल, तर 'मॅकबेथ'. शेक्सपिअरच्या शोकांतिकांत ते सगळ्यात छोटं, शिवाय इंग्रजी जड गेलं तर वि. वा. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' हाताशी आहे. एकट्याने रात्री वाचायचं असेल आणि देव, पाप, क्षमा यांच्याशी तुमचा काही जुना हिशेब असेल, तर 'फॉस्टस'. फक्त आवृत्ती तपासून घ्या. 1604 आणि 1616 अशा दोन संहिता आहेत, आणि दुसरीत सहाशेहून जास्त ओळी वाढलेल्या आहेत, बऱ्याचशा त्याच जादूच्या खेळांच्या. मी 1604 ची घेईन.