लाईट गेली तर बिल राहील का? सेटिंग, यूपीएस की महागडी एसएसडी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला गाळा, एकच सर्व्हर, त्यावर मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि दिवसभर फाटणारी बिलं. पैसे कुठे घालायचे, हा प्रश्न अशांसाठी.

सेटिंग फुकट आहे, म्हणून आधी तेच. मायएसक्यूएलमधलं 'इनोडीबी फ्लश लॉग ॲट टीआरएक्स कमिट' हे सेटिंग मुळात 1 असतं: लॉग, म्हणजे झालेल्या बदलांची नोंदवही, डिस्कवर पोचल्याशिवाय 'सेव्ह झालं' दिसत नाही. 2 केलं की लॉग ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली होतो आणि डिस्कवर साधारण सेकंदातून एकदा उतरतो. नुसतं मायएसक्यूएल कोसळलं तर 2 मध्येही काही जात नाही. लाईट गेली तर मात्र शेवटच्या सेकंदभराची बिलं गेली. गिऱ्हाइकाच्या हातात छापील कागद आणि आपल्याकडे नोंदच नाही. 'सॉफ्टवेअर स्लो आहे' अशी तक्रार केली की काही जण गुपचूप 2 करून जातात. हजेरीच्या नोंदींना चालेल, पैशाला नाही. बिनलॉग (कॉपी आणि बॅकअपसाठीची बदलांची वेगळी नोंद) चालू असेल तर 'सिंक बिनलॉग'ही 1 च ठेवा.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस इथे जास्त समजूतदार. 'सिंक्रोनस कमिट', म्हणजे लॉग डिस्कवर पोचेपर्यंत थांबणं, एकेका व्यवहारापुरतं बंद करता येतं, आणि केलं तरी शेवटचे काही व्यवहार जातात, डेटाबेस बिघडत नाही. 'एफसिंक' (डेटा खरंच डिस्कवर उतरवायला लावणारं सेटिंग) बंद करायला कुणी सुचवलं तर लांबूनच नमस्कार करा.

यूपीएस हवाच. 12 ऑक्टोबर 2020 ला विजेची ग्रिड बसली तेव्हा मुंबईसोबत ठाणे, नवी मुंबईही काही तास अंधारात होती. इतका वेळ ऑफिसातला छोटा यूपीएस कुठला तग धरणार? त्याचं काम सर्व्हर नीट बंद होईपर्यंत सांभाळणं. त्यासाठी त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून शटडाऊनचं सॉफ्टवेअर लावावं लागतं. केबल बऱ्याचदा खोक्यातच सापडते! शिवाय लादी पुसताना निघालेला प्लग किंवा जळालेला पॉवर सप्लाय, यावर यूपीएसकडे उत्तर नाही.

म्हणून मोठ्या यूपीएसऐवजी मी कपॅसिटरवाली सर्व्हर एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घेईन. वीज तुटली तरी कॅशमधला, म्हणजे डिस्कच्या तात्पुरत्या मेमरीतला, डेटा चिपवर उतरवण्याइतकी ताकद त्या कपॅसिटरमध्ये असते. त्यामुळे ती एसएसडी फ्लशला ('डेटा पक्का उतरव' या हुकुमाला) लगेच होकार देऊ शकते आणि 1 ठेवूनही काम रखडत नाही. 2 करायचं कारणच उरत नाही. साध्या एसएसडीवर प्रत्येक फ्लशला थांबावं लागतं, आणि काही स्वस्त डिस्क तर डेटा चिपवर न उतरवताच 'झालं' म्हणतात.

घेण्याआधी चाचणी मागा: रिकाम्या डेटाबेसमध्ये स्क्रिप्टने बिलं टाकत राहायची, सेव्ह झालेला प्रत्येक नंबर दुसऱ्या मशीनवर लिहायचा आणि मध्येच सर्व्हरचा प्लग खेचायचा. पाच-सहा वेळा करा. एकही नंबर गायब झाला तर ती डिस्क परत.