बंद गाडी आणि खिशात मावणारा ओबीडी स्कॅनर

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र. मोबाइलशी ब्लूटूथने जोडला जाणारा, ईएलएम ३२७ चिपवर चालणारा असा स्कॅनर चालत्या गाडीत इंजिनाचा दिवा कशामुळे लागला, याचा बहुतेक वेळा चांगला माग देतो. पण गाडी चालूच होत नसेल, तर त्याच्यावर एकट्यावर विसंबणे महागात पडू शकते.

ज्या गाडीवर मी तो वापरला, तिची किल्ली फिरवताच एबीएस, एअरबॅग आणि स्टिअरिंगचे दिवे एकदम लागत, डॅशबोर्डचे काटे थरथरत आणि रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) नुसती टकटक ऐकू येई. स्कॅनरने यू०१०० हा कोड दाखवला, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोल युनिटशी संपर्क तुटल्याचे सांगितले, आणि अ‍ॅपने ते युनिट तपासण्याचा सल्ला दिला, जो खर्चिकही होता आणि चुकीचाही. व्होल्टेज कोसळले की युनिट आपोआप गप्प होतात, एवढी साधी शक्यता अ‍ॅपच्या गावीही नव्हती.

खरा उपयोग झाला तो त्याच अ‍ॅपमधल्या व्होल्टेजच्या आकड्याचा. किल्ली फिरवलेली असताना स्कॅनर ९ व्होल्टच्या आसपास दाखवत होता, तर व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरचे प्रोब (टोके) थेट बॅटरीच्या दोन्ही खांबांवर टेकवले असता १२ व्होल्ट मिळत होते. अर्थात बॅटरी ठणठणीत होती आणि मधले व्होल्ट वाटेत कुठेतरी अडकत होते. एक प्रोब ऋण खांबावर आणि दुसरा त्यावर बसवलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर धरला, तेव्हा जिथे जेमतेम ०.१ व्होल्टचा फरक असायला हवा, तिथे जवळपास ३ व्होल्ट दिसले. क्लॅम्पच्या आतल्या बाजूला राखाडी थर साचला होता, जो वरून मुळीच दिसत नव्हता. तो घासून क्लॅम्प आवळल्यावर गाडी चालू झाली.

स्टार्टर जोमाने फिरतो पण इंजिन पकड घेत नाही, अशा वेळी मात्र हे यंत्र कामाचे ठरते, कारण तेव्हा आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) शून्यच दिसत असेल तर संशय ते फेरे टिपणाऱ्या क्रँकशाफ्ट सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर जातो. इमोबिलायझरचे, म्हणजे किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचे, कोड असे स्वस्त स्कॅनर सहसा वाचत नाहीत, त्यामुळे किल्लीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत असेल तर यंत्र पेटीतच ठेवावे. कोड पुसण्याचे बटण दाबण्याआधी ते लिहून घ्यावेत, कारण दोषाच्या क्षणी नोंदवलेली माहितीही त्यांच्यासोबत पुसली जाते. शिवाय स्कॅनर ज्यात खोचतात त्या सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनला इग्निशन बंद असतानाही वीज असते, म्हणून तपासणी झाल्यावर स्कॅनर काढून ठेवावा.

विकत घ्यावा का? घ्यावा, पण मल्टिमीटर आधीपासून हाताशी असेल तरच.