गोळ्यांनी फिट थांबत नाहीत : चुंबकीय उपचार की व्हीएनएस?

नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट येतच राहिल्या, तर ऑपरेशनने फिटचा उगम काढता येईल का हे आधी तपासून घ्या. जमत असेल तर सगळ्यात जास्त भरवसा त्याचाच. माझं जमणार नव्हतं, म्हणून माझ्यासमोर दोन पर्याय आले: आरटीएमएस, म्हणजे बाहेरून डोक्याला चुंबकीय ठोके देण्याचा उपचार, आणि व्हीएनएस, म्हणजे मानेतल्या व्हेगस नर्व्हला यंत्राने विजेचे हलके झटके देणं.

माझा ओढा आधी आरटीएमएसकडे होता. चिरफाड नाही, भूल नाही. डोक्याला कॉइल टेकवतात, सेकंदाला एखादा ठोका, टाळूवर कुणी टिचकी मारावी तसा. आवाज मोठा, म्हणून कानात बोळे. पण साध्या कॉइलचा जोर दोन-तीन सेंटिमीटरच्या आतच संपतो, त्यामुळे फिटचा उगम मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असेल तरच त्यात अर्थ आहे. शिवाय ईईजीतली, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखातली, गडबड कमी होते असं अभ्यासांत दिसलं, तरी फिट किती कमी होतात यावर एकमत नाही. औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने आरटीएमएसला २००८ मध्ये मान्यता दिली ती डिप्रेशनसाठी. व्हीएनएसला एपिलेप्सीसाठी १९९७ मध्येच मिळाली होती.

मला मात्र नको झालं ते रोजचं जाणं. फिटमुळे लायसन्स नाही, बसने एकट्याला घरचे सोडत नाहीत. मग दुचाकीवर सत्तरी ओलांडलेले बाबा पुढे, मी मागे, पुण्यात धायरीहून डेक्कनपर्यंत सिंहगड रोडच्या गर्दीत, आठवड्याचे पाच दिवस. फिट कमी झाल्या, खोटं कशाला बोलू. पण काही आठवड्यांत गुण ओसरला, आणि पुन्हा कोर्स करू म्हटल्यावर मला बाबांकडे बघवेना.

व्हीएनएसचं यंत्र छातीवर डावीकडे, कातडीखाली बसवतात. तिथून वायर मानेतल्या व्हेगस नर्व्हला. खर्च लाखांत, आणि काही वर्षांनी बॅटरीसाठी पुन्हा छोटं ऑपरेशन. माझं दर पाच मिनिटांनी तीस सेकंद चालतं, तेवढा वेळ आवाज घोगरा होतो. फोनवर लोक विचारतात, सर्दी झाली का. गुण यायला महिने लागले. पण फिटची चाहूल लागली की मनगटावरचं चुंबक छातीवरून फिरवतो, आणि कधीकधी ती तिथेच अडते. गोळ्या दोन्हीकडे चालूच राहतात.

तुमचं पोट आवाजावर असेल, किंवा क्लिनिक चालत जाण्याइतकं जवळ असेल, तर आधी आरटीएमएस करून बघायला हरकत नाही. एरवी मी व्हीएनएसच सुचवेन. न्यूरोलॉजिस्टकडे जाल तेव्हा रोज सोबत कोण येणार, हेही त्यांच्यासमोर बोला.