ट्रॉलरच्या वायरिंगसाठी कोणती श्रिंक ट्यूब घ्यावी?

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर ट्रॉलरांची डागडुजी निघते, आणि वायरचे सांधे झाकायला दुकानदार तीन प्रकारच्या श्रिंक ट्यूब पुढे करतो: पीव्हीसीची, पॉलिओलेफिनची (पॉलिथिनच्या जातीच्या प्लास्टिकची) आणि आतून गोंद असलेली पॉलिओलेफिनची. तापवल्यावर तिन्ही आवळतात. त्यामागचे कारण मात्र सारखे नाही.

पॉलिओलेफिनच्या ट्यूबमध्ये पॉलिमरच्या साखळ्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने किंवा पेरॉक्साइडने एकमेकींना कायमच्या सांधलेल्या असतात, आणि ही जाळी ज्या मापात बांधली गेली तेच तिचे मूळ माप. ट्यूब तापवून फुगवली आणि तशीच थंड केली, की आतले सूक्ष्म स्फटिक तो ताण अडवून धरतात. आपण हीट गन लावतो तेव्हा साधारण ९० अंश सेल्सिअसपासून हे स्फटिक वितळू लागतात व जाळी मूळ मापाकडे परतते. १२० अंशांच्या आसपास ती पुरती आवळते. पीव्हीसीत अशी जाळी सहसा नसते, ताण नुसता थिजवलेला असतो. म्हणून ती कमी उष्णतेत आवळते आणि स्वस्तही पडते, पण इंजिनाजवळ पुन्हा तापली की मऊ होते. बॅटरीच्या सेलवर ती शोभते, ट्रॉलरवर मी घेणार नाही.

खरी निवड उरते साधी आणि गोंदाची यांत. २:१ प्रमाणाची, म्हणजे आवळून निम्मी होणारी, ६ मिलिमीटरची साधी ट्यूब ३ मिलिमीटरवर थांबते. अडीच मिलिमीटर जाडीच्या वायरवर ती कितीही तापवा, सैलच राहणार, कारण तिच्या आठवणीत त्याहून लहान माप नाहीच. शिवाय घट्ट बसली तरी ती पाणी अडवतेच असे नाही. गेल्या बंदीत बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचते त्या भागातल्या, पंपाचा एक सांधा मी उघडला, तर वरून ट्यूब नवीकोरी आणि आत तांब्याच्या तारा वीतभर हिरव्या पडलेल्या. गोंदाच्या ट्यूबमध्ये हा गोंद त्याच उष्णतेत वितळतो आणि आवळणारी जाळी त्याला फटींत दाबून बसवते. दोन्ही कडांना गोंदाचा बारीक मणी दिसला, की सांधा बंद झाला असे समजावे. ही बहुधा ३:१ किंवा ४:१ प्रमाणात मिळते, त्यामुळे वायरच्या टोकाच्या जाड लगवरून (जोडणीच्या धातूच्या टोपणावरून) सरकवून बारीक वायरवरही बसते.

डेकवर आणि बिल्जमध्ये गोंदाचीच घ्यावी. केबिनमधल्या कोरड्या पॅनलला साधी पुरते, किंबहुना तिथे तीच बरी, कारण पुढे सांधा उघडताना गोंद ब्लेडने खरवडत बसावे लागत नाही.