४४ मिमीचं बॉल हेड: पावसाळा आणि हिवाळा वापरून झाल्यावर

टेन्शनचा, म्हणजे बॉल किती घट्ट फिरावा ते ठरवणारा स्क्रू उलटा फिरवत गेलं की शेवटी सुटून हातात येतो, अशा घडणीचं बॉल हेड (ट्रायपॉडवर कॅमेरा धरणारा गोळ्याचा सांधा) घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचं हेड मला आवडलंय आणि पुढे मी त्याचं कौतुकही करणार आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. याच घडणीची हेड्स वेगवेगळ्या शिक्क्यांनी विकायला असतात, तेव्हा घडण ओळखता आली की पुरे. ४४ मिमीचा बॉल, वर कॅमेऱ्याखालची प्लेट पकडणारा अर्का-स्विस पद्धतीचा क्लॅम्प आणि तीन नॉब: मोठा लॉकचा, त्याहून लहान पॅनचा (हेड आडवं फिरवण्याचा) आणि करंगळीच्या पेराएवढा टेन्शनचा. खोक्यावर क्षमता लिहिलीय ३० किलो. बुधवार पेठेत बरीच घासाघीस करून ११,५०० ला मिळालं. माझ्याकडे क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी आहे, एक वाइड लेन्स आणि एक १५०-६०० मिमीची. बॉडी आणि मोठी लेन्स मिळून वजन ३ किलोच्या आसपास.

मग ३० किलोचं हेड ३ किलोला लीलया पेलायला हवं, असं कुणालाही वाटेल. तो आकडा सरळ वरून ठेवलेल्या वजनाचा धरला तर तसं होतंही. पण लेन्स कधी सरळ वर ठेवलेली नसते. बॉल हेडवर सगळं वजन बॉलच्या वर, दहा-बारा सेंटीमीटरवर बसतं, आणि लेन्स जरा पुढे झुकली की ते खाली ओढायला लागतं. १५ अंश झुकवलीत तर जेवढी ओढ असते त्याच्या जवळजवळ दुप्पट ३० अंशांवर होते. म्हणजे झाडाच्या शेंड्यावरून खाली ओढ्याकडे लेन्स वळवली की हेडवरचा ताण सतत बदलत राहतो, आणि तो पेलायचं काम लॉकचा नॉब करत नाही. तो तर आपण लेन्स वळवताना सैल ठेवलेला असतो. ते काम टेन्शनचा स्क्रू करतो. क्षमता मोजायची पद्धतही प्रत्येक कंपनीची आपापली, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. मी आता तो आकडा वाचतच नाही.

टेन्शन बरोबर लावलेलं असलं की काय होतं ते एकदा हाताने बघण्यासारखं आहे. लॉक पूर्ण सैल करायचा, लेन्सवरचा हात काढायचा. लेन्स जिथे असेल तिथेच थांबते. दोन बोटांनी ढकलली की जाते, बोटं उचलली की थांबते. ४० मिमीच्या पुढे बॉल असलेल्या हेडचं सगळं सुख यात आहे, आणि माझ्या हेडमध्ये ते पहिल्या दिवसापासून होतं. बॉल इतका एकसारखा फिरतो की कुठे अडकणं नाही, कुठे सटकणं नाही. त्यासाठी या हेडला मी पैकीच्या पैकी मार्क देतो.

आणि हे सगळं ज्या स्क्रूवर अवलंबून, त्यालाच आत अडवणारं काही नाही.

सिंहगड व्हॅलीत पहाटे ओढ्याकाठी स्वर्गीय नर्तक पक्ष्याची वाट बघत होतो. नर वर फांदीवर होता, पांढरी शेपटी लोंबत होती. तो खाली पाण्यावर येणार म्हणून लेन्स खाली वळवली, आणि ती थांबायची सोडून धाडकन पुढे पडली. लेन्स हूड ट्रायपॉडच्या पायावर आपटलं. काच वाचली, हूडला चीर गेली. टेन्शनच्या स्क्रूच्या जागी नुसतं भोक दिसत होतं. मोटरसायकलवरून येताना हादऱ्यांनी तो सुटत सुटत आला असणार आणि तिथे पाचोळ्यात पडला. माझ्याबरोबर आलेल्या दोघांनीही पानं चाळली. ओल्या पाचोळ्यात काळा स्क्रू सापडायचा नव्हता, तो सापडला नाही.

मुंबईच्या सर्विस सेंटरला फोन केला. हेड वॉरंटीत होतं. उत्तर मिळालं, "सर, हरवलेला पार्ट वॉरंटीत येत नाही." बरं, मग विकत द्या. "सर, तो स्क्रू सुटा मिळत नाही, नॉब असेंब्ली घ्यावी लागेल." किती? ३,८०० आणि कुरिअरचे वेगळे. मी विचारलं की स्क्रू आपोआप सुटतो हा घडणीतला दोष नाही का, तर म्हणे "तुम्ही जास्त सैल केला असेल." ईमेल पाठवले, फोटो पाठवले, भोकाच्या आत सर्कलिपला (स्क्रूला अडवणाऱ्या कडीला) जागाच ठेवलेली नाही हे दाखवणारा क्लोजअप पाठवला. दर वेळी उत्तर तेच. हेडच्या किमतीचा तिसरा हिस्सा मागताना त्या माणसाच्या आवाजात जराही संकोच नव्हता, याचा मला अजून राग येतो. बनवताना एक सर्कलिप लावायला त्यांना असा किती खर्च आला असता?

पुण्यात राहण्याचा फायदा म्हणजे भोसरी एमआयडीसी. मावसभावाच्या ओळखीने एका टर्नर काकांकडे हेड घेऊन गेलो. त्यांनी कॅमेरा वगैरे काही विचारलं नाही. भोकात पिच गेज (आटे मोजायचं माप) घातला, "सहाचे आटे आहेत" म्हणाले आणि मग आत डोकावून बराच वेळ बघत बसले. "आतला पॅड प्लास्टिकचा आहे. लोखंडी टोक घातलं तर खाऊन टाकेल." मग त्यांनी एसएसचा रॉड घेतला, त्याच्या टोकाला खड्डा घेऊन नायलॉनचा तुकडा ठोकून बसवला आणि डोकं मूळ स्क्रूपेक्षा मोठं, चौकटीदार नर्लिंग (खरखरीत खाचा) केलेलं बनवलं, म्हणजे ओल्या हातालाही पकड मिळते. स्क्रूच्या मधल्या भागात खाच घेऊन सर्कलिप बसवली, आणि ती अडावी म्हणून हेडच्या भोकाला तोंडाशी पितळी बुश (नळीसारखं कडं) दाबला. आता कितीही उलटा फिरवा, स्क्रू दोन-अडीच फेऱ्यांनंतर अडतो. सगळ्याचे ४५० रुपये. चहा त्यांनीच पाजला.

इथे माझं दुसरं एक मत बदललं. घेतलं तेव्हापासून माझी या हेडबद्दल तक्रार होती की लॉक आवळल्यावर फ्रेम खाली बसते. ६०० ला हे फार छळतं. फुल फ्रेमवर ६०० मिमीला उभी चौकट साधारण २.३ अंशांची असते, माझ्या क्रॉपवर १.५. हेड पाव अंश जरी बसलं तरी चौकटीचा सहावा भाग गेला. पक्ष्याचा डोळा जिथे ठेवला तिथे त्याची छाती येते. तेच पाव अंश २४ मिमीला कळतही नाही. आता नवा स्क्रू लागल्यापासून हे बसणं निम्म्यावर आलंय. कारण उघड आहे: टेन्शन नीट धरून असलं की बॉलमधली सैल जागा आधीच भरलेली असते, मग लॉक आवळताना बॉलला सरकायला वाव उरत नाही. जुना स्क्रू सुटून पडायच्या आधीही प्रवासात सैल होत असणार आणि त्याचा दोष मी बॉलला देत होतो. म्हणून आता बॉलबद्दलची तक्रार मागे घेतो, स्क्रूबद्दलची दुप्पट करतो.

लँडस्केपसाठी हेड उत्तम. पावसाळ्यात ताम्हिणीत धबधब्यांचे दोन-चार सेकंदांचे एक्सपोजर घेतले, वारा असतानाही हललेलं दिसत नाही. पावसाचं पाणी आणि लाल माती उभ्या फ्रेमसाठीच्या खाचेतून आत जाते, तेवढं सांभाळा. घरी आल्यावर ओल्या फडक्याने बॉल पुसायचा, मग कोरड्याने. तेल किंवा ग्रीस लावू नका, बहुतेक हेड्स कोरडी चालण्यासाठीच असतात आणि तेलाला धूळ चिकटते. उभ्या फ्रेमसाठी खाच वापरणं मी सोडलं, कारण कॅमेरा बाजूला लोंबला की ट्रायपॉडचा तोल जातो. त्याऐवजी कॅमेरा हेडवरच उभा बसवणारा एल-ब्रॅकेट लावला आहे. पॅनोरामासाठी मात्र हे हेड मला पुरत नाही. पॅनचा भाग बॉलच्या खाली आहे, त्यामुळे ट्रायपॉडचे पाय समतल नसतील तर फिरवताना क्षितिज कलतं. राजगडावर दगडांत पाय समतल करण्यातच उजाडून गेलं. पॅनोरामा फार करत असाल तर वरच्या बाजूला, क्लॅम्पखाली पॅन असलेलं हेड बघा.

वन्यजीवांसाठी बॉल हेड घ्यावं का? ६०० ची लेन्स लावून उडणारे पक्षी टिपायचे असतील तर गिंबलच. गिंबलवर लेन्स आपल्या गुरुत्वमध्याशी टांगलेली असते, पडण्याचा प्रश्नच नसतो. मित्राचं गिंबल वापरून पाहिलं, कडबनवाडीच्या माळावर भोवत्या हॅरियर घिरट्या घालत होता, त्याच्यामागे लेन्स विनासायास जात होती. बॉल हेडवर हे जमत नाही. पण पुण्याजवळ मी जिथे जातो तिथे ट्रायपॉड किती वापरता येतो हेही बघायला हवं. भिगवणला उजनीच्या पाण्यात होडी हलत असते, तिथे ट्रायपॉड निरुपयोगी. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा गाडीतून बघायचे तर खिडकीवर बीनबॅग कुठल्याही हेडपेक्षा सरस, आणि ती घरी जुन्या जीन्सच्या पायात राजमा भरून शिवता येते. उरतं व्हॅलीतलं बसून वाट बघणं आणि लँडस्केप. एवढ्यासाठी गिंबलचे पैसे मी घालणार नाही. विंबर्लीचं साइडकिक नावाचं जोडकाम आहे, ते चांगल्या बॉल हेडवर बसून त्याचंच गिंबल करतं. तशा धाटणीचं काही स्वस्तात मिळालं तर घेईन.

क्लॅम्पबद्दल थोडक्यात. खटका असलेला क्लॅम्प लवकर लागतो, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेटी रुंदीला किंचित कमी-जास्त असतात आणि खटका त्या सगळ्यांना सारखा धरत नाही. स्क्रूचा क्लॅम्प सगळ्यांना धरतो. माझ्याकडे तीन कंपन्यांच्या प्लेटी आहेत, म्हणून स्क्रूचा.

दुकानात जाल तेव्हा स्वतःची लेन्स घेऊन जा आणि काउंटरवर संकोच करू नका. लेन्स लावा, समोरच्या इमारतीवरच्या पाटीतलं एक अक्षर ६०० ला फ्रेमच्या मध्ये आणा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा आणि लॉक आवळा. अक्षर किती खाली-वर जातं ते दिसेल. मग टेन्शनचा स्क्रू उलटा फिरवत राहा. अडला तर पुढचं बोला. दुकानदार काही बोलला तरी पूर्ण फिरवून बघा.

ज्यांच्याकडे आधीच याच घडणीचं हेड आहे त्यांच्यासाठी माप: एम ६ आटे, पुढे ५ मिमी नायलॉनचं टोक, खाचेत सर्कलिप आणि भोकाच्या तोंडाशी पितळी बुश. बुश दाबण्याआधी बॉल आणि आतला पॅड बाहेर काढून ठेवायला सांगा, नाहीतर ड्रिलचा कीस आत जातो. हे होईपर्यंत प्रवासात टेन्शन पूर्ण आवळून ठेवा आणि लेन्स लावण्याआधी स्क्रू जागेवर आहे ना, ते बोटाने बघा.