राजारामपुरीतले ड्रॅगन: कार्ड नंतर वाचा, आधी तोंड बघा

सरळ सांगतो, माल चांगला आहे. सगळाच नाही, पण जो चांगला आहे तो लई भारी आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत एका आतल्या गल्लीत घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, दोन काचेची कपाटं, एक टेबल, कोपऱ्यात ओटीजी म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, बास. बोर्ड नाही. गल्लीत "ड्रॅगनवाल्या ताई" एवढं विचारलं की शेंबडं पोरगं पण घर दाखवतं. मिळतात फक्त हाताने केलेले छोटे ड्रॅगन, म्हणजे पेंडंट, कानातले, अंगठ्या, किचेन आणि टेबलावर ठेवायच्या मूर्ती, आणि प्रत्येकाबरोबर एक कार्ड, त्यावर त्याचं नाव आणि स्वभाव लिहिलेला.

आता स्वभावाचं कार्ड हल्ली कोणपण छापतंय, साबणाच्या वडीला सुद्धा स्टोरी असते. त्यामुळे मी कार्ड उलटं ठेवून नुसता ड्रॅगन बघायचा आणि मग कार्ड वाचायचं असं ठरवलं. तुम्ही पण तसंच करा. कारण इथे काही पीस असे आहेत की कार्डाची गरजच नाही, आणि काही असे आहेत की कार्ड काढून घेतलं तर मागे राहतं ते नुसतं किचेन.

बरोबर भाची होती, तिच्याच वाढदिवसाची खरेदी. ती ह्या विषयातली तज्ञ, म्हणजे आत शिरल्या शिरल्या पहिल्या कपाटातल्या निळ्या पेंडंटकडे बोट दाखवून म्हणाली, "मामा, हा ड्रॅगन नाय, वायव्हर्न आहे, दोनच पाय आहेत." मला वाटलं ताईंना राग येईल, तर त्या खूश. म्हणाल्या, "बरोबर बोललीस बाळ, पेंडंटमध्ये मी दोनच पाय ठेवतो, चार ठेवले की छातीवर लई गर्दी होत्या आणि ओढणीत अडकतंय." पुढे अर्धा तास दोघींचं हेच चाललं. युरोपातला ड्रॅगन म्हणजे चार पाय आणि वर दोन पंख, वायव्हर्नला दोन पाय दोन पंख, आणि चीनचा तो लांबलचक सापासारखा, त्याला बहुतेक वेळा पंखच नसतात तरी उडतो. ताईंचं म्हणणं, चार पाय वत्ता पंख करायचे तर अंगात खांद्याच्या दोन जोड्या बसवाव्या लागतात, कारण पक्षी घ्या, वटवाघूळ घ्या, त्यांचे पंख म्हणजे पुढचे पायच. बाजारातल्या मोल्डच्या ड्रॅगनला पंख नुसते पाठीला चिकटवलेले असतात आणि म्हणून ते खोटे दिसतात. ह्यांच्या मूर्तींना पंखाच्या बुडाशी मांसाची फुगीर गाठ आहे, पाठीवर बोट फिरवलं की कळतं. हे मला तरी कुणी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं, पण एकदा दिसल्यावर बाकीचे सगळे ड्रॅगन लंगडे वाटायला लागले.

बरं, आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला तो माल. मूर्तींच्या कपाटात मधल्या फळीवर एक लाल ड्रॅगन होता, तळहाताएवढा, मान जाड, खांदे पुढे पडलेले, पंख मिटलेले, आणि कान दोन्ही चुरगळून गठ्ठा झालेले. मी कार्ड न बघता म्हणलं, "हा पैलवान." ताई हसल्या, कार्ड दिलं. नाव वस्ताद. लिहिलं होतं, "कुस्ती सोडून बरीच वर्षं झाली. अजून कोण नवीन माणूस आलं की आधी त्याची मान बघतो. दूध प्या म्हणतो. ऐकलं नाही तरी रागवत नाही." ज्याने खासबागला कुस्तीचं एक तरी मैदान बघितलंय त्याला ते कान कुठून आले हे सांगायला नको. पैलवानाचे कान घासून घासून, आत रक्त साकळून तसे होतात आणि परत सरळ होत नाहीत. आता हा ड्रॅगन, म्हणजे जगात नसलेला प्राणी, पण कान खरे आहेत, त्यामुळे त्याचा स्वभावही खरा वाटतो. ह्यात कार्डाचा वाटा फार तर दोन आणे.

दुसरा बापू. हिरवा, पोट सुटलेला, आणि बसलाय कशावर तर गुळाच्या ढेपेवर. पश्चिमेकडचे ड्रॅगन सोन्याच्या राशीवर बसतात म्हणे, आपल्याकडे राखण करण्यासारखी वस्तू म्हणजे गूळच, बरोबरच आहे की. एक पाय ढेपेखाली दाबलेला, शेपूट ढेपेला पूर्ण गुंडाळलेली, आणि एकच डोळा अर्धा उघडा. त्या अर्ध्या पापणीत सगळं आहे बघा. झोपलाय असं दाखवतोय पण झोपलेला नाही. कार्डावर एकच ओळ, "ढेपेला हात लावायचा न्हाई, बघायचं तर बघा."

हे डोळे कसे जमतात ते विचारलं. डोळा म्हणजे काचेचा अर्धगोल, मागून रंगवतात, समोर काच राहते म्हणून आत खोली दिसते आणि तुम्ही हललात की बुबुळ पण तुमच्याबरोबर हलल्यासारखं वाटतं. तो आधी बसवायचा आणि मग वरून मातीची पापणी. पापणी केसभर खाली-वर झाली की स्वभाव बदलतो. ताईंचं माहेर गंगावेशीतल्या कुंभार गल्लीतलं, मूर्तिकामाचं घर, आणि लग्नाआधीपासून गणपतीच्या डोळ्यांची आखणी त्याच करतात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेकडो मूर्तींची आखणी केलेल्या हाताला पापणी शिकवायला लागत नाही. बाकीचं सगळं व्हिडिओ बघून येईल एखाद्याला, हे नाही येणार.

माती मात्र शाडू नाही. शाडू सुकताना आकसते, मग कागदाएवढा पातळ पंख तडकणारच. ही पॉलिमर क्ले, नाव क्ले असलं तरी माती नाहीच, पीव्हीसी प्लास्टिक आणि ते मऊ ठेवणारं द्रव्य. हवेवर सुकत नाही, भाजावी लागते, साधारण 130 अंशाला, कंपनीप्रमाणे थोडं कमी-जास्त. आत अॅल्युमिनियम फॉईलचा गोळा आणि तारेचा सांगाडा, वर क्ले, मग खवले. खवले शेपटीकडून डोक्याकडे लावत जायचे, म्हणजे घरावरची कौलं जशी खालच्या ओळीपासून चढवतात तशी वरची रांग खालच्या रांगेवर बसते. मूर्तीला एकेक खवला वेगळा लावलेला आहे. पेंडंटला वेळ परवडत नाही म्हणून स्ट्रॉ अर्धी कापून तिचा ठसा उमटवलाय, ते त्यांनी स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. चमक अभ्रकाच्या पावडरची, भाजायच्या आधी ब्रशने लावतात. मग भाजून झाल्यावर गडद रंग फासून लगेच पुसून घेतात, खोबणीत रंग राहतो आणि खवला उठून दिसतो. ओटीजी ह्याच कामाचा वेगळा ठेवलाय, आत वेगळा थर्मामीटर, कारण ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही आणि उष्णता जास्त झाली की पीव्हीसी जळून घशाला झोंबणारा धूर येतो. त्याच्यात केक करायचा नाही हे घरच्यांना दारावर लिहून चिकटवलंय. ते वाचून मला जरा बरं वाटलं, माणूस काम समजून करतोय.

आता दागिने. इथे माझे हात आखडते. भाचीने कानाच्या कडेवर बसायचा एक जांभळा ड्रॅगन घेतला, नाव धाकटी, तोंड कानाच्या भोकाकडे आणि पंजा तोंडाशी, म्हणजे काहीतरी चुगली सांगतेय. कल्पना झकास, तोंड पण झकास. पण पंखाची टोकं केसात अडकतात आणि मोकळे केस सोडणाऱ्या पोरींना हे रोज घालणं अवघड आहे. वजन काही नाही, क्ले हलकी असते, तो फायदा. मागची क्लिप पितळेची होती, कोल्हापूरच्या पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने पितळ काळंहिरवं पडतंय, तेव्हा मागतानाच स्टीलची क्लिप मागा, थोडे पैसे जास्त घेतात पण देतात. तुम्ही विचारलं तरच देतात, हे मला पटलं नाही, दागिना विकताना आधीच विचारायला पाहिजे.

आणि चांदीचे. खालच्या कपाटात 925 चांदीचे छोटे ड्रॅगन आहेत, म्हणजे 92.5 टक्के चांदी, बाकी बहुतेक तांबं. हे ताई स्वतः ओतत नाहीत. त्या मेणाचा एक ड्रॅगन करतात, त्याचा रबराचा साचा होतो, त्या साच्यातून मेणाच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात, मग त्या प्लास्टरमध्ये पुरून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत चांदी ओतायची. हे ओतकाम गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, एक कारागीर करून देतो. फिनिशिंग एक नंबर, तक्रार नाही. पण तीन ड्रॅगन शेजारी शेजारी ठेवलेले, एकाच साच्यातले, एकच तोंड, आणि कार्डं तीन! एक म्हणे लाजरा, एक भांडखोर, एक कवी. मी तिघांना उलटंपालटं करून बघितलं, लाजऱ्याचा आणि भांडखोराचा जबडा तंतोतंत सारखा. इथे मात्र स्वभाव कार्डात आहे आणि चांदी चांदीत. मी ताईंना तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "दादा, चांदीवर हातानं छिन्नी चालवली तर मजुरी तुम्हालाच झेपायची न्हाई." खरं असेल. पण मग तिघांना एकच नाव द्या ना, त्यात काय कमीपणा आहे. चांदी वजनावर, त्या दिवशीच्या भावाने, वर मजुरी.

ह्याला अपवाद एक, आणि तो बघायला तरी जाच. साजाच्या धर्तीवर केलेला हार. कोल्हापुरी साजात परंपरेने 21 पानं म्हणतात, हल्ली बऱ्याच बायका 10-12 पानांवरच भागवतात, आणि त्या पानांत मासा आहे, कासव आहे, नाग आहे, वाघनख आहे. म्हणजे आपल्या आज्यांच्या गळ्यात आधीपासून अर्धं प्राणिसंग्रहालय होतंच की. ताईंनी मधे मधे जवमणी तसेच ठेवलेत आणि पानांच्या जागी अंडं, पंजा, पंख, शेपटीचं टोक, खवला, मिटलेला डोळा, आणि मधोमध जिथे मोठं पान असतं तिथे पूर्ण ड्रॅगन, अंग चोरून झोपलेला. लांबून बघितलं तर साजच वाटतो. माझ्या वहिनीला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "भावजी, साज सौभाग्याचा असतोय, त्यात असलं कायतरी घालू नका." तिचं पण बरोबर आहे. ताई स्वतः पण तो साज म्हणून विकत नाहीत, नुसता हार म्हणतात. ह्या हाराला कार्ड नाही. सगळ्या दुकानात मला तोच दागिना सर्वात जास्त आवडला, आणि परवडला नाही.

भाचीने शेवटी काय घेतलं ते सांगतो, कारण ते मला अपेक्षितच नव्हतं. वस्ताद नाही, बापू नाही. वरच्या फळीवर एक तपकिरी, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, झाडाच्या सालीवर चिकटलेला. शिंगं नाहीत, आग नाही, गळ्याखाली पिवळी पिशवी. तो आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागात आणि पुढे केरळपर्यंत सापडणारा उडता सरडा, शास्त्रीय नावात ड्रॅको आहे, म्हणजे कागदोपत्री ड्रॅगनच. त्याचे चारही पाय शाबूत, आणि पंख म्हणजे बरगड्या बाहेर लांबलेल्या आणि त्यावर कातडं ताणलेलं, त्यावर तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. चार पाय अधिक पंख, खांद्याच्या दोन जोड्यांची भानगडच नाही! भाची तिथेच उड्या मारायला लागली. ताईंनी पंखाखाली बरगड्यांच्या बारीक रेघा पण कोरल्यात. कार्डावर, "नाव विचारू नका, सालीसारखा दिसतो तोवर सुखी आहे." मूर्तींत सगळ्यात स्वस्त तोच होता, कारण गिऱ्हाइकं म्हणे त्याला पाल समजून पुढे जातात.

घेतल्यावर काय काळजी घ्यायची ते पण विचारून आलोय. अॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, अजिबात लावायचं नाही, पृष्ठभाग विरघळतो. चमक गेली म्हणून घरातलं ट्रान्सपरंट नेलपॉलिश फासायचं नाही, काही दिवसांनी चिकट होतं, ताई वॉटर-बेस्ड वॉर्निशच वापरतात. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने काढायची. अत्तर मारून झाल्यावर दागिना घालायचा, आधी नाही. पंख तुटला तर फेकू नका, आणून द्या, जोडून देतात, माझ्यासमोर एका काकांच्या ड्रॅगनचं शेपूट जोडून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. कुरिअरने मागवायला मी तरी सांगणार नाही, पॅकिंग म्हणजे थर्माकोलचे दाणे आणि देवाचं नाव, जमलं तर स्वतः जाऊन आणा.

किचेन घेऊ नका. चावीच्या जुडग्यात पंख टिकणारच नाहीत आणि कार्डावर लिहिलंय "धाडसी". पोरांना वाटायला स्वस्तात काही पाहिजे असेल तर ड्रॅगनची अंडी आहेत छोटी छोटी, ती घ्या, त्यांना तुटायला काही नाही.

पार्किंग गल्लीत नाही, गाडी मेन रोडला लावा. शनिवारी संध्याकाळी कॉलेजची पोरंपोरी भरलेली असतात, कपाटापर्यंत पोचता येत नाही, सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा ताई टेबलावर काम करत असतात आणि बघू देतात. ऑर्डर द्यायची असेल तर फोटो नेऊ नका, त्या फोटोची कॉपी करत नाहीत, माणसाचं वर्णन करा, आमचा एक मित्र सासऱ्यांच्या सवयी सांगून ड्रॅगन करून घेऊन आलाय आणि सासरे अजून विचारतात हा कोण. अॅडव्हान्स निम्मा. दिवाळीला द्यायचं असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा, गणपतीच्या आधीचा सगळा महिना त्या माहेरी आखणीला बसतात आणि तेवढे दिवस ड्रॅगन बंद.